ठरल्याप्रमाणे परत

निपाणी डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर कल्लाप्पा गाडी सुटण्याआधी दारात उभे राहून ती कुठपर्यंत जाते ते सांगत, आणि कुठे जात नाही तेही सांगत. "फक्त चिकोडी. फुडं बेळगाव न्हाय. चुकून बसला असशीला तर आत्ताच उतरा." एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. निम्मी गाडी रिकामी झाली तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. सरकारचं नुकसान चालेल, पण माणूस भलत्या गावाला जाता कामा नये, असं त्यांचं मत होतं.

अशा माणसाच्या मुलीबद्दल अख्ख्या वस्तीचा गैरसमज झाला.

सुविधा बेळगावात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होती. एका सेमिस्टरसाठी तिची एस्टोनियातल्या एका विद्यापीठात निवड झाली. विषय दलदल. त्या देशात दलदल पुष्कळ, आणि ती बुजवण्याऐवजी तिचा अभ्यास करतात. फेब्रुवारीत जायचं, जूनअखेर परत यायचं, पुढचं वर्ष पुन्हा बेळगावात. इतकं साधं होतं.

पण शिकायला समुद्रापलीकडे जाणारी वस्तीतली ती पहिलीच. आणि शिकायला समुद्रापलीकडे म्हटलं की आमच्याकडे डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहतो. त्याच्या खाली उतरणं कुठल्याच वक्त्याला जमत नाही. विहारातल्या सत्कारात पहिल्या वक्त्याने सुविधाला बॅरिस्टर केलं. दुसऱ्याने डॉक्टरेट दिली. तिसऱ्याला एस्टोनिया लंडनच्या अलीकडे की पलीकडे ते माहीत नव्हतं, म्हणून त्याने सरळ लंडनच म्हटलं. दलदलीचं नाव कोणी काढलं नाही. शुभप्रसंगी काढण्यासारखं ते नव्हतंही.

शेवटी कल्लाप्पांच्या हातात माइक आला. "जय भीम. पोरगी पाच महिन्यांसाठीच..."

वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष भरमू याने माइक काढून घेतला. "अण्णांचा कंठ दाटून आलाय," त्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. कल्लाप्पांचा कंठ ठणठणीत होता.

पुढे पतसंस्थेत आणि महिला मंडळातही तेच झालं. शाली जमल्या, खुलासा राहिला, आणि सुविधा विमानात बसली.

तिकडे तिचं बरं चाललं होतं. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ती फळ्यांच्या वाटेवरून दलदलीत जाई, चिखलाचे नमुने काढी आणि व्हिडिओवर आईला दाखवी. सोनुबाई रोज एकच विचारत, "बुडली न्हाईस न्हवं गं?"

मे महिन्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता.

"आप्पा, मी हितंच थांबायला अर्ज करू काय? सर म्हणत्यात, जमंल."

"तुला थांबायचंय?"

"न्हाय."

"मग?"

"कुठल्या तोंडानं येऊ? मंडळाच्या ग्रुपवर 'लंडनची डॉक्टर' चाललंय. पाच महिन्यांत उतरले तर म्हणतील, नापास झाली, पळून आली. उद्या वस्तीतली दुसरी पोरगी कोण पाठवील?"

सोनुबाईंनी फोन ओढून घेतला. "लोकांसाठी थंडीत ऱ्हातीस व्हय? ये निघून."

"आई, तुला कळत न्हाय."

"नसू दे. तुझं तोंड सुकलंय, एवढं दिसतंय मला."

दुसऱ्या दिवशी कल्लाप्पा युवराजच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. युवराजच्या संगणकात तीन नमुने तयार होते: वाढदिवस, निवड आणि भावपूर्ण श्रद्धांजली.

"काका, परत येण्याचा नमुना न्हाय. कोण लावतच न्हाय."

"मग नवा कर. लिही. कुमारी सुविधा एस्टोनिया येथील दलदलीचा अभ्यास पूर्ण करून जूनअखेर, ठरल्याप्रमाणे, परत येत आहे. पुढील शिक्षण बेळगाव."

"दलदल काढू काय? बरं दिसत न्हाय."

"ऱ्हाऊ दे. तीच शिकाय गेलीया. आणि 'ठरल्याप्रमाणे' मोठं कर."

"नावापेक्षा?"

"फोटोपेक्षा."

फ्लेक्स वस्तीच्या कोपऱ्यावर लागला. आमच्या भागात कुणाचा वाढदिवस, कोण निवडून आलं, कोण गेलं, हे सगळं माणसाला फ्लेक्सवरूनच कळतं. त्यामुळे तोंडाने सांगितलेल्यावर लोक वाद घालतात, फ्लेक्सवर घालत नाहीत. कल्लाप्पा दिवसभर खाली उभे राहिले. वस्तीतल्या मालुबाईंनी फ्लेक्स दुसऱ्याकडून वाचून घेतला.

"म्हंजे पळून आली न्हाय?"

"अजून आलीच न्हाय, मावशी."

"मग बरं," म्हणून त्या गेल्या.

संध्याकाळी भरमू मोटारसायकलवरून आला. गाडी बंद न करता त्याने फ्लेक्स दोनदा वाचला. मग गाडी बंद केली. कल्लाप्पांनी मनाची तयारी केली.

"अण्णा, हे काय केलंसा?"

"खरं हाय ते लिवलंय."

"खरं-खोटं ऱ्हाऊ द्या हो. मंडळाचा फोटो कुठाय? पाठवताना आम्ही, आणि आणताना तुम्ही एकटंच?"

कल्लाप्पा शेजारच्या कट्ट्यावर बसले.

दोन दिवसांत पहिल्याच्या शेजारी दुप्पट मोठा फ्लेक्स लागला. त्यावर सगळी कार्यकारिणी होती, कोपऱ्यात सुविधाही होती, आणि ती "मंडळाच्या मार्गदर्शनाखाली ठरल्याप्रमाणे" परत येत होती. ग्रुपवरचं लंडन त्याच संध्याकाळी नाहीसं झालं. कुणाला त्याची चुटपुट लागल्याचं दिसलं नाही.

कल्लाप्पांनी दोन्हींचे फोटो सुविधाला पाठवले. तिचा लगेच फोन आला. बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"आप्पा, काढलेलं तिकीट बदलत न्हाय मग."

"बदलू नको."

जूनअखेर ती आली. विहारात सत्कार ठेवला होताच. या वेळी माइक तिला मिळाला आणि तिने तो सोडला नाही. दलदल कशी तयार होते, पाणी कसं धरते, वाळली तर काय होतं, हे तिने सविस्तर सांगितलं. वक्ते ताटकळले. भरमू प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

कल्लाप्पा पहिल्या रांगेत, शाल मांडीवर घेऊन, बसल्या जागी झोपले होते. शेजारच्या जयाबाईंनी त्यांना हलवायला हात पुढे केला, तो सोनुबाईंनी धरला.

"झोपू द्यात त्यास्नी. मे महिन्यापासनं डोळ्याला डोळा न्हाय."