चढावर थांबणारी गवतगाडी

इंजिन चालू होतं, खालची पाती फिरत होती, पण गाडी जागची हलत नव्हती. मैदानाच्या कडेला पायऱ्यांकडे जाणारा एक छोटा चढ आहे, तिथे ती थांबली होती. सिद्रामप्पा सीटवर बसून पेडल दाबत होते. आमचे सुपरवायझर देशमाने सर खाली उभं राहून त्यांना बोलत होते.

"परवाच नवा पट्टा घातला ना? मग आता काय झालं हिला?"

"मला काय ठावं सर. गार हाय तवर पळती. अर्धा तास झाला की दम सोडती."

"गाडी दम सोडत नाही, चालवणारा सोडतो. दिवसभर पेडलवर पाय दाबून बसलं की दुसरं काय होणार?"

मग सर माझ्याकडे वळले. "काय मॅडम, तुम्ही तर पट्टा म्हणाला होता."

मी म्हणाले होते, हे खरं आहे.

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याच कॉलेजच्या मेंटेनन्स विभागात सहा आठवड्यांची इंटर्नशिप करत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही विचारलं की "माहीत नाही" म्हणायची मला भीती वाटते. वाटतं, लोक म्हणतील, मग एवढी शिकली काय? म्हणून सरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा गाडी नीट न बघताच मी "ड्राइव्ह बेल्ट सैल झाला असेल" असं सांगून टाकलं.

ही गाडी म्हणजे बसून चालवायची मोवर. लहान ट्रॅक्टरसारखी दिसते, पोटाखाली गवत कापायची पाती असतात. इंजिनवरून दोन पट्टे जातात, एक पात्यांना आणि एक चाकांच्या गिअरबॉक्सला. पाती फिरतात आणि चाकं फिरत नाहीत, म्हणजे दुसरा पट्टा गेला असणार, असा माझा हिशेब. तो अगदीच वेडा नव्हता, पण अंदाजच होता. पट्टा पुण्याहून आला, त्यात चार दिवस गेले. वर्कशॉपमध्ये बसवला. आणि गाडी त्याच चढावर थांबली.

पट्टा नवा, तरी गाडी थांबते. मग दोष कुणाचा? सरांच्या मते चालवणाऱ्याचा. माझी घाई अशी सिद्रामप्पांच्या अंगावर आली.

ते अक्कलकोटकडचे. आधी मेंढरं राखायचे, मग कॉलेजात विळ्यानं गवत कापायला लागले. मोवर आली तेव्हा तीन दिवसांत शिकले. मी त्यांना मामा म्हणते आणि ते मला तिकडच्या कानडी पद्धतीनं अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. ते कॉन्ट्रॅक्टवर होते आणि महिनाअखेरीला त्यांची मुदत संपत होती. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शनिवारपर्यंत गाडी नीट चालली तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून दुसरा ड्रायव्हर."

मामा गाडीवरून उतरले आणि चाकात अडकलेलं गवत बोटांनी काढत बसले.

त्या संध्याकाळी मी गाडीचं मॅन्युअल वाचलं. खरं तर पट्टा सांगायच्या आधीच वाचायला हवं होतं. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये नेहमीसारखे गिअर नसतात. एक छोटा पंप तेल दाबानं ढकलतो आणि त्या दाबावर चाकं फिरतात. तेल तापलं की पातळ होतं. कुठे गळतीची वाट असेल तर पातळ तेल तिथून निसटतं आणि जोर कमी पडतो. गार असताना पळायचं आणि तापल्यावर थांबायचं, याचा अर्थ मला तेव्हा कळला.

दुसऱ्या दिवशी मी तेल बघितलं. बरोबर होतं. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक पंखा असतो, तो गवतानं भरला की तेल जास्त तापतं. पंखा स्वच्छ होता, मामा रोज ब्रशनं साफ करायचे. ब्रेकही चाकाला अडकून राहत नव्हता. उरला होता आतला पंप. तो झिजला असेल तर अख्खा गिअरबॉक्स बदलायचा, आणि तो ड्रायव्हरनंच झिजवला असं ठरणार होतं.

सरांनी विचारलं, "सापडलं?"

"सर, मला माहीत नाही."

मी एकदाचं म्हणून टाकलं. पुढे म्हणाले, "उद्या सकाळी मी गाडीबरोबर राहते. शेडमधून निघाल्यापासून."

"शेडमध्ये काय बघणार? बिघडते तर मैदानावर."

"तरी एकदा बघते सर."

गाडी ठेवायची शेड लायब्ररीच्या मागे आहे. सकाळी मामा आले, टोपी सारखी केली आणि गाडीच्या मागे जाऊन वाकले. बोटाएवढा एक दांडा बाहेर ओढला आणि गाडी ढकलायला लागले. इंजिन बंदच.

"मामा, हे काय?"

"ढकलायचा दांडा. वडला की चाकं मोकळी हुत्यात."

"पण ढकलता कशाला? चालवत न्या की."

"अव्वा, हितं लायब्ररी हाय. पोरं वाचत बसत्यात. सरांनीच सांगितलंय, हितं इंजिन लावायचं न्हाय."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलं? सरांनी इचारलं, गाडीला काय केलंस. म्या काय केलंय? ढकलली निस्ती."

दांडा ओढला की तेलाला आडवाट मिळते. दाब तयार होत नाही, म्हणून चाकं मोकळी होतात. त्याला बायपास म्हणतात. मैदानावर पोचल्यावर मामांनी दांडा आत ढकलला. मी मातीत आडवी होऊन खालून बघितलं. दांडा वाकला होता आणि शेवटचा थोडासा भाग आत जातच नव्हता. आडवाट जराशी उघडी राहत होती. गार, घट्ट तेल तिथून फारसं जात नव्हतं. तापलेलं तेल जात होतं.

"मामा, हा वाकला कधी?"

त्यांनी आठवून बघितलं. "गटाराच्या काठाला मागनं घासली व्हती एकदा. एवढ्यानं काय हुतंय म्हनलं."

वर्कशॉपमध्ये आम्ही दांडा काढून सरळ केला. त्याला आत ओढून धरणारी स्प्रिंग निसटली होती, ती परत अडकवली. गाडी उचलून चाकं पुढे-मागे फिरवली, म्हणजे तेलातली हवा निघते. मग मामांनी पाऊण तास गवत कापलं आणि गाडी चढाकडे वळवली. गाडी वर गेली. ते खाली आले, परत वर गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कडेला उभे असलेले सर म्हणाले, "बास आता, बास."

ऑफिसात सर म्हणाले, "रिपोर्ट लिहा. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे रॉड वाकला."

मी पेन धरून बसले. मामा दारात उभे होते.

"सर, गाडी ढकलत का नेत होते, तेही लिहावं लागेल."

"का नेत होते?"

"लायब्ररीजवळ इंजिन लावू नका, असं तुम्ही सांगितलं होतं."

"मी? कधी?"

"परीक्षा व्हत्या तवा, सर," मामा म्हणाले.

"अहो, त्या गेल्या वर्षीच्या! परीक्षा संपल्यावर लावायचं की!"

"संपल्या म्हनून तुमी काय सांगितलं न्हाय."

अडीचशे किलोची गाडी हा माणूस वर्षभर रोज ढकलत होता. सर म्हणाले, "निष्काळजीपणा लिहू नका. रॉड वाकला, सरळ केला, एवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. खाली माझी एक ओळ घातली, की पट्टा बदलायची गरज नव्हती आणि तो सल्ला माझा होता. सरांनी वाचलं आणि सही केली.

मामांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू झालं. इंजिन लावायची परवानगी मिळाली तरी लायब्ररी ओलांडेपर्यंत ते गाडी ढकलतच नेतात. फक्त मैदानावर दांडा पूर्ण आत गेला का, ते वाकून बघतात.

मी शिकले ते एवढंच. मशीन जिथे थांबतं तिथे सगळेच जमतात. ते रोज सकाळी जिथून निघतं, तिथे एकदा जाऊन उभं राहावं. आणि चालवणाऱ्याला काय केलंस असं विचारू नये, रोज काय करता ते विचारावं.