धर्माची तापट गाडी

वरळी कोळीवाड्यातल्या धर्माची मोटार चालायची कमी आणि तापायची जास्त. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्याने ती छप्पन साली घेतली. आठवडाभर तिच्यातून दादरच्या बाजारात मासळी जायची. रविवारी तीच धुऊनपुसून धर्मा बायको तुळसाला आणि आई काशीबाईला हिंदमाताला लुगडी बघायला न्यायचा. वास काही जात नसे, आणि अर्ध्या वाटेत बॉनेटखालून वाफही ठरलेली. एकदा तर परळला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यापुढेच ती अडून बसली. लोकांनी घोषणा देत ती लालबागपर्यंत ढकलली आणि स्टिअरिंगवर बसल्या बसल्या धर्मानेही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. काय दिवस होते ते!

गाडी विकायचं नाव मात्र काशीबाई काढू देत नसे. गाडी गेली की पोरगा पुन्हा होडीवर जाणार, आणि होडीवर गेलेला नवरा तिला परत मिळाला नव्हता.

साठ साल उजाडलं आणि तिसरा रेडिएटर गळायला लागला. आता गाडी भंगारात आणि आपण होडीवर, असं धर्माने ठरवूनच टाकलं. पण चिंचपोकळीच्या जगन मेकॅनिकने रेडिएटर उघडला, आतला पांढरा थर जिभेला लावला आणि थुंकला. मीठ होतं ते. घरातलं कोण यात खारं पाणी भरतं, असं त्याने विचारलं.

धर्मा तणतणत घरी आला. काशीबाईने काही लपवलं नाही. दर सोमवारी पहाटे ती समुद्राचं तांब्याभर पाणी आणून गाडीत ओतत होती.

"तू दर्या सोडलास," ती म्हणाली. "त्यानं तुझा बापूस नेला. म्हटलं, गाडीत त्याचं पाणी असलं म्हंजे तुझ्यावर तरी रागवायचा नाय."

धर्माचा राग जागच्या जागी विरला. त्याच पाण्याने गाडी आतून खाल्ली, हे त्याने तिला हळूच समजावलं.

काशीबाईने विचारलं, "म्हंजे होडीवर तुला मीच लोटत होते?"

दुसऱ्या दिवशी धर्माने तिला बरोबर घेऊनच चिंचपोकळी गाठली. नव्या रेडिएटरमध्ये पहिलं पाणी, नळाचं, तिनेच ओतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत धर्माने तिचा हात धरून ठेवला.