हातानं चाललेली सहा हजार पावलं

भूकंप झाला नव्हता. तरीही मी भूकंपात पाय मोडून घेतला.

झालं असं, की शेजारच्या प्लॉटवर मुलींच्या होस्टेलसाठी बोअर घेणं चालू होतं आणि मी दुपारचा पलंगावर आडवा झालो होतो. मांडणीतली भांडी थरथरली, खिडकीची काच वाजली, आणि मी एका उडीत दारात, दुसऱ्या उडीत ओट्यावर आणि तिसऱ्या उडीत थेट नालीत! लातुरात त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेल्या माझ्या वयाच्या माणसाला भांडी वाजली की आधी पळायचं आणि मग विचार करायचा, ही सवयच आहे. (माझी बायको मंगलही त्याच भूकंपातून गेलेली. पण तिनं आधी विचार केला.) तिनं गॅस बंद केला, खिडकीतून डोकावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बोअरची गाडी हाय ती! तुम्ही नालीत काय करायलात? आन् तेही बनियनवर!"

तेव्हापासून मी जो चिडलो, तो चिडलोच.

उजवा घोटा मोडला होता. आत प्लेट बसली, सात स्क्रू बसले. मी एका कोचिंग क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवतो. हे काम रोज तीन तास उभ्यानं करावं लागतं. आमचे संचालक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, सफरचंदं घेऊन भेटायला आले. म्हणाले, "सर, निवांत आराम करा. जूनमध्ये उभे राहिलात तर बॅच तुमचीच. न्हाई जमलं, तर नांदेडहून एक सर यायला तयार हायत."

नांदेडहून! लातूरच्या पोरांना फिजिक्स शिकवायला नांदेडचा माणूस! मी त्यांचं एकही सफरचंद खाल्लं नाही. (दोन खाल्ली. पण रागानं.)

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता व्यायाम. गावातले व्यायामवाले डॉक्टर बसतात तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. "जो तुमच्यापर्यंत चढू शकतो, त्याला तुमची गरजच काय?" असं मी त्यांना फोनवर विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

मग पुण्याच्या एक मॅडम ठरल्या. त्या मोबाइलवर दिसणार, व्यायाम सांगणार, आणि मी दिवसभरात किती हाललो हे एक पट्टा त्यांना परस्पर कळवणार. पट्टा कुरिअरनं आला. तो हाताला बांधायचा होता.

"मोडलाय पाय, आणि पट्टा हाताला?" मी विचारलं.

"काका, त्यात सेन्सर असतो. माणूस चालताना हात हलतो ना, त्यावरून पावलं मोजतो. जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं ते."

मला! वीस वर्षं त्वरण शिकवतोय मी! आणि काका कोण?

रोज दोन हजार पावलांचं लक्ष्य होतं. पुरं झालं तर मोबाइलवर हिरवं हसरं तोंड, नाही तर लाल रडकं. पहिल्या दिवशी वॉकर धरून, दात-ओठ खाऊन, मॅडमसकट सगळ्या पुण्याचा उद्धार करत मी दोनशे चाळीस पावलं टाकली. तोंड लाल. संध्याकाळी शेजारचे निवृत्त हेडमास्तर कुंपणापाशी आले. आमच्या गावात माणसाची तब्येतही निकालासारखीच विचारतात.

"किती पडले?"

"दोनशे चाळीस."

"दोन हजारापैकी? म्हंजे बारा टक्के." त्यांनी मान हलवली. "नापास."

सात दिवस मी नापास होत होतो. आठव्या दिवशी क्लासमधून पेपरांचे गठ्ठे आले. नीटचे पेपर मशीन तपासतं, पण बारावीत जाणाऱ्या पोरांची बोर्डाच्या धर्तीची लेखी सराव परीक्षा अजून माणसालाच तपासावी लागते. बसून करायचं काम म्हणून मोठ्या सरांनी माझ्याकडे धाडलं. मी पलंगावर पाय लांब करून लाल पेन चालवत बसलो. पोरांनी असे काही दिवे लावले होते, की माझी प्रत्येक फुली हवेत हात उगारूनच उतरत होती. संध्याकाळी पाहतो तर हिरवं तोंड! दोन हजार एकशे दहा!

मी शास्त्राचा माणूस. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तपासून पाहिलं. बरोबर उत्तराला एक झटका, एक पाऊल. चुकीच्या उत्तराला फुली, म्हणजे दोन झटके, दोन पावलं. म्हणजे पोरं जितकी ढ, तितका मी चालणार! हुशार तुकडीच्या गठ्ठ्यावर मी जेमतेम गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो असेन; ढ तुकडीनं मला पार शेजारच्या औसा गावापर्यंत नेऊन आणलं. (एका पोरीचं बरोबर उत्तर मी भरात खोडलं. लगेच दुरुस्तही केलं. त्याचीही तीन पावलं मिळाली.)

वॉकर कोपऱ्यात गेला. आकडा सहा हजारांवर गेला. मॅडम हरखल्या. "काका, कमाल आहे तुमची! आता चवड्यांवर उभं राहायचं आणि जिना सुरू करायचा." मी हो म्हणालो आणि पुढचा गठ्ठा सोडला. तेवढ्यावर थांबलो असतो, तर निभावलं असतं. पण नांदेडच्या सरांचा पत्ता कायमचा कापावा म्हणून मी मॅडमचा सहा हजार पावलांचा रिपोर्ट मोठ्या सरांना पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. "सर, सहा हजार? मी स्वतः तीन हजार चालत न्हाई! मग जूनची वाट कशाला बघायची? सोमवारपासून रिव्हिजन बॅच घ्या."

आता नाही कसं म्हणणार?

सोमवारी काठी टेकत पहिल्या मजल्यावर चढलो. समोर दोनशे पोरं. वीस मिनिटं उभा राहिलो, तिसाव्या मिनिटाला घोटा ठणकायला लागला, चाळिसाव्याला बुटात मावेना. आधाराला म्हणून प्रोजेक्टरचा पडदा धरला, तर तो माझ्यासकट खाली आला. मी पडद्याखालून सुटायला हात झाडत होतो आणि पट्ट्यावर अक्षरं चमकत होती, 'शाबास! आजचं लक्ष्य पूर्ण!' केमिस्ट्रीच्या आणि बायोलॉजीच्या सरांनी मला उचलून घरी आणलं.

मंगलनं सुजलेला पाय मोबाइलसमोर धरला. मॅडमनी तो निरखून पाहिला.

"काका, रोज सहा हजार पावलं चालणाऱ्याची पोटरी अशी काडीसारखी नसते."

"चालणाऱ्याची?" मंगल म्हणाली. "मॅडम, हे जेवायचं ताटसुद्धा पलंगावर घेतेत. पंधरा दिवस नुसते पेपर तपासायलेत."

 मग मॅडम बोलल्या, आणि इतकं हळू बोलल्या की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून व्यायाम वाढवला. आतली प्लेट सरकली असती तर? पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आठ आठवडे."

आठ आठवडे म्हणजे जून गेला. संध्याकाळी मोठ्या सरांचा फोन आला. आवाज फार गोड होता, तेव्हाच मी समजलो. नांदेडचे सर निघाले होते.

मी पेटलो. पट्ट्यावर, मॅडमवर, मोठ्या सरांवर, अख्ख्या नांदेड जिल्ह्यावर तोंडसुख घेतलं. मंगल ऐकून घेत होती. शेवटी ती म्हणाली, "मोठ्या सरांकडं जाऊन एकदा नीट बोला की. झालं ते सांगा. मानूस वाईट न्हाई."

मी पलंगावर मूठ आपटली (दोन पावलं) आणि गरजलो, "बॅच गेली तरी चालेल, पण मी कुणाचे पाय धरणार नाही!"

मंगलनं वॉकर ओढत आणून माझ्यासमोर उभा केला.

"धरायचे म्हटले तरी वाकता येतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "आधी खाली वाकून दाखवा. मग स्वाभिमानाचं बोला."