गंगेवर गायलेला ललत

नाशिकला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात असते. आम्ही तिला गंगा म्हणतो आणि गाण्याचा कार्यक्रम असला की तिच्याच अंगावर नेऊन बसवतो. ओलाव्यानं तबला उतरतो, तंबोरा उतरतो, गाणाऱ्याचा घसा बसतो. श्रोते म्हणतात, काय वातावरण आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिवाळी पाडव्याच्या पहाटे मला तिथे गायला बोलावलं. ज्या बुवांकडे मी लहानपणापासून शिकत होते ते शिकवणीत कधी 'छान' म्हणत नसत. दाद बैठकीत द्यायची असते, हा त्यांचा नियम. त्या दिवशी ते प्रथमच माझ्यासमोर बसणार होते, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. मला त्यांच्या तोंडून एकदा 'वा' ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

मंच नदीपात्रातल्या फरशीवर. मी पहाटेचा राग ललत सुरू केला, विलंबित. इतका विलंबित की समेच्या आधी पाणी आलं. वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडलं होतं आणि ते कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाच्या गावीही नव्हतं. सतरंजी भिजली, लोक चपला हातात घेऊन पायऱ्या चढू लागले. तबलजी माझ्याकडे बघत होता, मी बुवांकडे. त्यांनी हात वर केला.

आम्हा गाणाऱ्यांना वर गेलेल्या हाताचा एकच अर्थ ठाऊक, दाद. माझे डोळे भरून आले. रागातली तीच जागा मी पुन्हा घेतली, अजून आळवून. बुवांनी दोन्ही हात वर केले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोन कार्यकर्ते त्यांना खुर्चीसकट उचलून नेत होते आणि ते ओरडत होते, "अगं, ऊठ!" तंबोरा तेवढा निवांत होता. भोपळाच तो, तरंगला.

घाटावर ओल्या साडीतच मी त्यांच्या पाया पडले आणि धीर करून विचारलं, "बुवा, गाणं कसं झालं?"

त्यांनी आधी धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, "धरणवाल्यांचे उपकार मान. पाण्यानं गाणं बुडवलं, असं तुला जन्मभर सांगता येईल."

तेच सांगत आले. नवऱ्याला, शेजारणींना, माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलींना. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, आणि त्यानंतर दिवसभर मला गावंसं वाटत नाही.