हिरव्या दाराचा गेम

आमचे हे, म्हणजे व्यंकट, लातूरच्या एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करतात. दिवसभर पर्याय अ, ब, क, ड. संध्याकाळी घरी आल्यावर चहा हवा का विचारलं तरी उत्तराला वेळ लागतो. मी म्हणते, "चार पर्याय देऊ का?" पूर्वी हसायचे. आता त्यांना हसायचाही कंटाळा येतो.

ह्यांचं एक जुनं दुखणं मला लग्नानंतर लगेच कळलं. मोठी बहीण, राजकन्या अक्का, ह्यांच्याशी धड बोलत नाहीत. भाऊबीजेला देगलूरहून येतात, ओवाळतात, जेवतात आणि जातात. कारण ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला होता. एक गेम!

ही भावंडं उदगीरला असताना सासऱ्यांनी हैदराबादहून जुना कॉम्प्युटर आणला, त्यात कुणीतरी टाकलेला तो गेम होता. धुक्यातलं परदेशी गाव. माउसनं बाण न्यायचा, वस्तूवर क्लिक करायचं, मिळेल ते झोळीत टाकायचं आणि शेवटी टेकडीवरच्या घराचं हिरवं दार उघडायचं. दोघांनी विहीर, चूल, कोंबड्यासुद्धा क्लिक करून पाहिल्या. दार काही उघडेना. तशात बारावी होताच अक्कांचं लग्न ठरलं. जाताना ह्यांना म्हणाल्या, "मी आल्याबिगर उघडू नको." पुढं हे कॉम्प्युटरचा डिप्लोमा शिकले आणि अक्कांनी मनाशी पक्कं केलं, की ह्यानं एकट्यानं दार उघडलं, आतलं सगळं बघितलं नि आपल्यापासून लपवलं. हे शपथा घेऊन थकले. "शिकलेल्याला काय जड हाय," एवढंच त्या म्हणायच्या.

यंदा ह्यांना तोच गेम नेटवर सापडला. भाऊबीजेची जेवणं झाल्यावर अक्कांना खुर्चीत बसवलं. "घे, तूच उघड."

मी मागं उभी राहिले. कसली ती भुरकट चित्रं! आणि गेममधला माणूस चालायचा असा, की लातूरच्या नळाला पाणी त्याच्याआधी आलं असतं. पुन्हा विहीर, पुन्हा चूल. तीन रस्ते मिळतात तिथं दगडापाशी एक कापडी बाहुली पडली होती, तिला लाल दोरा. दोघं तिला वळसा घालून पुढं गेले.

"अहो, तिच्यावर क्लिक करा की."

"नको!" दोघं एकदम ओरडले.

"उतारा हाय तो," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्याची पीडा उतरवून टाकलेली असते. उचलली की आपल्याला लागते."

"चित्रातला उतारा, वन्सं? तोही परदेशातला?"

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी लहानपणी दटावलेलं दोघांच्या बोटांत अजून तसंच होतं. इतकी वर्षं ह्यापायी अबोला धरला, म्हणून मला आधी राग आला, मग फार वाईट वाटलं.

अक्कांनी बाण मागं बाहुलीवर आणला. "लेकरं मोठी झाली माझी," त्या म्हणाल्या. "आता काय व्हायचं ते मला होऊ दे." आणि डोळे मिटून माउसचं बटण दाबलं.

बाहुलीच्या पोटात किल्ली निघाली. तिनं हिरवं दार उघडलं.

आत रिकामी खोली. एक खिडकी, तीही बंद. मग पडदा काळा झाला आणि खेळल्याबद्दल आभाराची एक ओळ आली. गेम बनवणारा समोर असता तर मी त्याच्या कानाखाली दिली असती.

ह्यांना त्याचं काही नव्हतं. "बघितलंस अक्का? मी पण त्या बाहुलीला कधी हात लावला न्हाई. आता तरी पटलं?"

"पटलं." अक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. "पण उघडायचं होतंस रं व्यंक्या. लपून उघडलं असतंस तरी चाललं असतं."

"आता असं का म्हणायलीस?"

"आत काहीच न्हाई, एवढं सांगितलं असतंस, तर मी तिकडं सुखानं नांदले असते."