बदकाचं राहिलेलं अंडं

शिडीआत्याला शिडीआत्या म्हणायला लागले ते लढाईच्या दिवसांत. पोरसवदा वयात ती विमानांच्या तळावर रंगारीण म्हणून लागली आणि दिवसभर शिडीवरच असायची. खाली उतरायची ती फक्त जेवायला आणि भांडायला. पुढे लढाई संपली, धावपट्टीवर गवत उगवलं, आत्याच्या गुडघ्यांनी शिडीशी कायमचा काडीमोड घेतला, पण नाव काही उतरलं नाही.

काम काय, तर बॉम्बफेकी विमानांना रंग द्यायचा. पण त्या विमानांत बसणारी पोरं म्हणजे आज आहेत, उद्या कुणास ठाऊक. त्यांना आपल्या विमानाच्या नाकावर काहीतरी चित्र हवं असायचं. कुणाला वाघ, कुणाला आपली मैत्रीण, कुणाला बूट घातलेलं मांजर. नुसता नंबर असला तर तो पत्रा सरकारचा, आणि नाकावर मांजर आलं की पत्रा आपला. माणसाचं असंच असतं. ती चित्रं बहुतेक आत्याच काढायची.

म्हातारपणी हेच तिच्या कामी आलं. भाच्याच्या घरी मागच्या खोलीत तिचं बस्तान, खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग. लोक जुने फोटो घेऊन यायचे. कुणाचा बाप, कुणाचा काका विमानाच्या नाकाखाली दात काढून उभा असायचा आणि फोटोमागे काही लिहिलेलं नसायचं. कुठलं विमान, कुठली तुकडी, सांगणारं कुणी उरलेलं नसायचं. आत्या भिंग लावायची, चहा निवू द्यायची आणि मग बोलायची.

"हा वाघ नाही गं बाई," ती एकीला म्हणाली, "हे आमच्या मुकादमाने काढलेलं मांजर आहे. वाघ काढायला बसला आणि मिशांपर्यंत येता येता त्याचा धीर सुटला. हे विमान मला ठाऊक आहे. यातली सगळी पोरं तळ्यापलीकडच्या बराकीत राहायची. तुझा बाप तिथेच होता. आता डोळे पूस, फोटोवर पाणी पाडू नकोस."

चित्र उडालेलं असलं तर ती ठिगळं बघायची. गोळ्या लागून पत्रा फाटला की कारागीर वरून दुसरा तुकडा ठोकायचे. कुठलं ठिगळ कुणाच्या अंगावर हे तिला आपल्या लुगड्याच्या जरतारीसारखं लक्षात होतं. आणि ओळख पटली नाही तर सरळ सांगायची, "नाही बाबा, हे पोर माझं नाही." उगाच कुणाचं मन राखायला खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे लोकांचा तिच्यावर विश्वास होता आणि त्याचमुळे ते तिला घाबरूनही असायचे.

जुन्या तळाच्या जागी आता विमानांचं संग्रहालय झालं होतं. तिथल्या साहेबांनी दोन मोडक्या विमानांचे तुकडे जोडून एक अख्खं बॉम्बफेकी विमान उभं केलं. नाक एकाचं, शेपूट दुसऱ्याचं, वर ताजा हिरवा रंग. साहेब तसे सज्जन, आत्याला दाखवायला आधी मोडतोडीचे फोटो घेऊन घरी आले.

"शेपटीवर नंबर सापडलाय, आजी. नंबरवरून विमान ओळखलं. याच्या नाकावर झोपाळ्यावरची बाई होती. हा बघा तिचा फोटो. आम्ही तीच काढणार आहोत. पोस्टरही छापून झाली."

आत्याने झोपाळेवालीकडे बघितलं. बाईच्या अंगावर कपड्यांपेक्षा झोपाळ्याची दोरी जास्त होती. मग तिने तुटक्या नाकाचा फोटो भिंगाखाली घेतला आणि तिचा हात थांबला.

"हे नाक बदकाचं आहे."

"कुठल्या बदकाचं?"

"माझ्या."

"पण नंबर तर..."

"साहेब, तुम्ही माणूस कशावरून ओळखता? तोंडावरून की ढुंगणावरून?"

आतल्या खोलीत भाचेसून खोकली. खोकल्यात हसू लपतं, म्हणून.

आता बदकाचं काय ते सांगायला हवं. बदक आत्याने चष्मा लावून काढलं होतं. म्हणजे चष्मा बदकाला, आत्याला नव्हे. बाकीच्या विमानांवर प्रत्येक फेरीमागे एक छोटा बॉम्ब रंगवायची पद्धत होती. आत्याने बदकाखाली अंडी काढली. तळाचा कप्तान ओरडला, तेव्हा शिडीवरूनच म्हणाली, "बदक बॉम्ब घालत नाही. अंडी घालतं." पोरांना ते इतकं आवडलं की कप्तानाला गप्प बसावं लागलं. विमान परतलं की एक अंडं, असा तिचा नियम होता.

त्या विमानाच्या शेपटीत बसणारा एक बंदूकवाला होता. आत्या रंगवायला चढली की शिडी धरायला हजर. शिडी भिंतीसारखी घट्ट असली तरी धरायचा. वरून रंगाचा थेंब सुटला की बाजूला व्हायचं सोडून मुद्दाम डोकं पुढे करायचा आणि दिवसभर तो पांढरा ठिपका केसांत मिरवायचा.

शेवटच्या फेरीला बदक अर्ध्या वाटेतून परतलं. पोट चिरलेलं, एक पंखा बंद. बाकीची पोरं चालत उतरली, बंदूकवाल्याला उतरवावं लागलं. आत्या रंगाचा डबा घेऊन आली तर कप्तान आडवा. म्हणाला, बॉम्ब टाकलेच नाहीत, फेरी धरायची नाही, अंडं नाही. आत्या म्हणाली, मी टाकलेलं मोजत नाही, आलेलं मोजते. त्याने शिडी काढून घेतली, तिला स्वयंपाकाच्या शेडच्या भिंती रंगवायला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी बदकही खरवडून काढलं. ते अंडं राहिलं ते राहिलंच. आत्याने लग्न केलं नाही, पण त्या बंदूकवाल्याची गोष्ट कुणी काढली की ती विषय बदलायची, म्हणून आपणही बदलू.

तर आता ते नाक परत आलं होतं आणि त्यावर झोपाळेवाली बसणार होती. आत्या पेटली. "मी जिवंत असताना? बघतेच."

साहेबांनी तिला मान दिला. लोकांना विमान दाखवायच्या दिवशी बोलावलं, खुर्ची दिली, विश्वस्तांच्या रांगेत बसवलं. म्हणाले, "आजी, काही खूण सांगा. सापडली तर विचार करू."

"डाव्या गालावर पानाच्या आकाराचं ठिगळ आहे," आत्या खणखणीत म्हणाली. "रंगाखाली गेलं असेल, पण हाताला लागेल. कडा दुमडून ठोकलंय."

साहेब स्वतः शिडीवर चढले. डाव्या बाजूला हात फिरवला, वर, खाली, पुन्हा वर. "गुळगुळीत आहे, आजी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एक विश्वस्त दुसऱ्याला म्हणाला, तेही तिला ऐकू येईल असं, "वय झालं की बदकं दिसतात." गाडी मागवून आत्याला घरी सोडण्यात आलं. सोडण्यात आलं, हे शब्दच तिला जास्त लागले.

घरी भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना. एका चित्रासाठी किती जिवाला लावून घ्यायचं? तुझं नाव सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाव नको आहे. अंडं हवंय."

"लोक हसले ना आज?"

"हसू दे. दात त्यांचे. मी जागेला चुकले असेन, बदकाला चुकलेले नाही. उद्या परत जाणार."

"काय सांगणार जाऊन?"

"तेच. जोरात."

भाचेसून इतका वेळ भांडी पुसत होती. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. बोलायची कमी, बघायची जास्त. हातातला पेला तसाच धरून तिने विचारलं, "आत्या, तुम्ही डावा गाल कुणाच्या हिशोबाने म्हणता?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्या. रंगाच्या शेडमधून बाहेर पडलं की विमानं समोर तोंड करून उभी असायची. माझ्या डाव्या हाताला जो गाल, तो डावा. आम्ही सगळ्या रंगारणी तसंच म्हणायचो."

"आणि विमानवाले?"

आत्याने आपला डावा हात वर करून त्याच्याकडे बघितलं.

"ते आत बसून मोजतात," भाचेसून म्हणाली. "त्यांचं डावं ते पायलटचं डावं. आमच्याकडे फिल्म टांगली की असंच होतं. पेशंटचं डावं फुप्फुस आपल्या उजव्या हाताला. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी चुकतो. मी तर एका आजोबांचा चांगला गुडघा बांधून दिला होता."

"अगं, मग आधी नाही का बोललीस?"

"तुम्ही कुणाला बोलू देता?"

दुसऱ्या दिवशी दोघी बसने गेल्या. साहेब पायऱ्यांवरच भेटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता पुन्हा काय असं स्पष्ट उमटलं. आत्याने नमस्कारसुद्धा केला नाही. "चूक माझी," ती म्हणाली. "डावं म्हणाले, ते माझं डावं होतं. तुमचं उजवं बघा. आणि बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही, उचलून न्यायचं असेल तर माणसं जास्त बोलवा, मी जड आहे."

साहेब चढले. उजव्या गालावर हात फिरवायला लागले, आणि मध्येच हात थांबला. बोटं एका कडेवरून हळूहळू फिरली, पानाच्या देठापासून टोकापर्यंत.

"आहे," ते म्हणाले. मग खाली न बघताच, "माफ करा, आजी."

"माफी ठेवा तुमच्याकडे. झोपाळेवाली कुठे जाणार ते सांगा."

"एक करू या," साहेब उतरत म्हणाले. "उजव्या गालावर बदक, डाव्या गालावर ती. पोस्टर छापलीत हो. आणि शेपूट तर तिचंच आहे."

"मग तिला शेपटीवर बसवा."

साहेब हसायला लागले ते शिडी धरूनच. पोस्टरचं काय ते मी बघतो म्हणाले. चांगला चित्रकार बोलावतो, हेही म्हणाले, पण आत्याने पिशवीतून स्वतःचा ब्रश काढला होता.

तिच्यासाठी कठड्याची मोठी शिडी आणली. आत्या एकेक पायरी शिव्या देत चढली. शिव्या गुडघ्यांना होत्या. खाली भाचेसून दोन्ही हातांनी शिडी धरून उभी. बदक पुरं व्हायला बरेच दिवस गेले. रेघा वाकड्या गेल्या, बदकाच्या चष्म्याची एक काच दुसरीपेक्षा मोठी झाली. साहेबांनी हळूच विचारलं, रेघ जरा सरळ करून घेऊ या का.

"तेव्हाही वाकडीच होती. तेव्हा वारा होता, आता मी आहे."

मग अंडी. एकेक करून तिने ती सगळी घातली. कागदोपत्री फेऱ्या होत्या तितकी झाली, तेव्हा साहेबांना वाटलं संपलं. आत्याने ब्रश पुन्हा पांढऱ्यात बुडवला.

"आजी, ती शेवटची फेरी... कागदोपत्री ती फेरी धरलेली नाही."

"साहेब, हे विमान आता कुठे उभं आहे?"

"इथे."

"म्हणजे आलं ना परत?"

आत्याने रांगेच्या टोकाला अंडं काढलं, बाकीच्यांहून थोडं मोठं. कुणी विचारलंच तर उशिरा घातलंय म्हणून सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. ब्रशच्या टोकावरून एक थेंब सुटला. आत्याने सवयीने खाली पाहिलं. भाचेसून पटकन डोकं मागे घेऊन बाजूला झाली होती, शहाण्या माणसाने व्हावं तशी, आणि थेंब फरशीवर पडून पसरला.

साहेब खिशातला रुमाल काढून वाकले.

"हात लावू नका," आत्या वरून ओरडली. "तो तिथेच राहू दे."