ती सांगायची तो सिनेमा

यंदा नाताळ करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पत्नी ऑगस्टमध्ये गेली. आजारपण अकरा दिवसांचं. डिसेंबर लागला तरी गॅलरीत तारा लावला नाही, करंज्या केल्या नाहीत, चर्चच्या गायनमंडळींनाही या वर्षी आमच्याकडे येऊ नका, असं कळवलं.

मग कात्रजच्या पुढे असलेल्या एका वृद्धाश्रमातून तिथल्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. "अहो, आज्या विचारतायत. सिनेमाचं कसं करायचं?"

माझी पत्नी सात वर्षं नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी तिथे जायची. सगळ्यांना शाली द्यायची आणि एक नाताळचा इंग्रजी सिनेमा भिंतीवर दाखवायची. आज्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून ही शेजारी उभी राहून मराठीत सांगत जायची. मी तिला फाटकापाशी सोडायचो आणि गाडीत पेपर वाचत बसायचो. त्या सिनेमांचा मला वैताग होता. तिने घरी बळजबरीने मला नऊ दाखवले, त्यातल्या सातांत शेवटी बर्फ पडला. मी तसं म्हटलं की ती म्हणायची, "तुम्ही मोजा. मी रडते."

दर वर्षी अडीच तास, सात वर्षं. म्हणजे साडेसतरा तास मी तिच्यापासून चाळीस पावलांवर बसलो होतो आणि एकदाही आत गेलो नाही.

"आज्यांना तुम्ही काय सांगितलंय?" मी फोनवर विचारलं.

"बाईंची तब्येत बरी नसते, एवढंच. वयं झालीत हो त्यांची. तुम्हीही तेवढंच सांगा."

मी दोन्हीला हो म्हणालो.

कोणत्या वर्षी कोणता सिनेमा दाखवला, हे तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं. एकाच सिनेमाचं नाव तीनदा होतं, पुढे शेरा: 'आज्यांची मागणी'. मी तोच घेतला. कारखान्यात सुटे भाग मापात आहेत की नाहीत, हे तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. अंदाजाने काही करणं मला जमत नाही. सिनेमा थांबवत थांबवत मी प्रत्येक वाक्याचं मराठी लिहून काढलं. अकरा पानं झाली. गोष्ट साधी होती. आईशी भांडून गेलेला मुलगा नाताळसाठी घरी निघतो, वाटेत बर्फामुळे गाड्या अडतात, आणि पोचतो तेव्हा आई वारलेली असते. लिहिताना त्या जागी मी दोनदा पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर उठलो, माळ्यावरून तारा काढला आणि गॅलरीत लावला. का, ते मला सांगता येणार नाही. तिचा सण आहे आणि आपण तो बंद करून ठेवलाय, असं वाटलं.

शाली बावीस घेतल्या. सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

"सगळ्या मरून रंगाच्या?" रविवारी आश्रमात पहिल्याच आजी म्हणाल्या. "शाळा काढायचीय का आमची?"

"बाई रंग विचारून आणायच्या," दुसऱ्या म्हणाल्या.

"गाडीत बसून राहणारे जावई ते हेच की," जालन्याकडच्या एक आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "आज काय, गाडीत ऊन आलं?"

सगळ्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला आणि सिनेमा सुरू केला. पानांवरचं एकेक वाक्य वेळेवर वाचत गेलो. तासभर ठीक चाललं. मुलगा घरी पोचला, आईची खुर्ची रिकामी होती, शेजारीण दारात आली. मी वाचलं, "तुझी आई गेली. दोन आठवडे झाले."

"ओ, असं नाही ते!" एकदम चार-पाच आवाज उठले.

"ती बहिणीकडं गेलीय," जालन्याच्या आजी म्हणाल्या. "पत्र ठेवून गेलीय."

"नाही आजी. मी तीनदा ऐकलंय. शेजारीण स्पष्ट म्हणते."

"तुम्ही तीनदा ऐकलं. आम्ही तीन वर्षं ऐकलंय."

मी पानावर बोट ठेवून उभा राहिलो. म्हणजे माझ्या पत्नीने गोष्ट बदलली होती. लेकरांनी इथे आणून सोडलेल्या या बायकांसमोर तिने ती आई मरू दिली नव्हती. मूळ सिनेमात आईचं दफन दाखवलेलंच नाही, त्यामुळे ते खपूनही गेलं होतं.

"एवढं खरं बोलताय, तर आमच्या बाई कुठं हाएत तेही सांगा," आजी म्हणाल्या.

व्यवस्थापक बाई माझ्याकडे पाहून 'नको' अशी मान हलवत होत्या. मी सिनेमा थांबवला. तब्येत बरी नसते, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. माझ्याच्याने म्हणवले नाहीत.

"ऑगस्टमध्ये वारली," मी म्हणालो.

एका आजींनी मांडीवरची शाल उलगडून खांद्यावर घेतली. जालन्याच्या आजी म्हणाल्या, "तुम्ही एकटे आत आलात, तवाच कळलं आम्हाला. म्हटलं, कोणी सांगतंय का बघू." मग डोळे पुसत, "चालवा पुढं. मागून लावा, ती दारात येते तिथून."

मी सिनेमा थोडा मागे नेला. पानं घडी करून खिशात ठेवली. शेजारीण पुन्हा दारात आली आणि तिचे ओठ हलले.

"आई बहिणीकडे गेलीय," मी म्हणालो.

"कधी येणार?" बावीसजणींनी एका सुरात विचारलं. हे दर वर्षीचं असणार. तिला उत्तर ठाऊक होतं, मला नव्हतं. मी खिशातली पानं चाचपली.

"उद्या सकाळी," त्यांनीच म्हटलं.

पुढे सिनेमा एकोणीस मिनिटं बाकी होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो, आणि तो त्यांनी मला सांगितला.